'सुरक्षित जागा आठवा' म्हटलं आणि बाई निघूनच गेली (ईएमडीआर, डिसोसिएशन आणि आपला मुलूख)

पळसफूल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी समुपदेशनाचं काम करते. ईएमडीआरचं, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर करायच्या उपचाराचं, प्रशिक्षण घेतलंय, वरिष्ठांशी फोनवर सल्लामसलत चालू असते. हा धागा काढायला वर्षभर धीर होत नव्हता, कारण तो माझ्या चुकीपासून सुरू होतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोन-तीन जणींचे एकत्रही केलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या फ्रान्सिन शापिरो यांना १९८७ मध्ये असं जाणवलं की त्रासदायक आठवण मनात असताना डोळे इकडून तिकडे फिरले की आठवणीची धार कमी होते. १९८९ मध्ये त्यांचा पहिला अभ्यास छापून आला. पुढे त्याची आठ टप्प्यांची रीतसर पद्धत झाली. आधी इतिहास, मग तयारी, मग आठवण निवडून तिच्यावर काम. काम करताना डोळे फिरवायचे, नाहीतर दोन्ही हातांवर आळीपाळीने थापट्या. त्रास किती ते ० ते १० मध्ये विचारायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातानंतरच्या ताणविकारासाठी याची शिफारस केली.

आता माझी चूक. चौतिशीची बाई. झोप नाही, मधूनमधून 'फिट' येते, तपासण्या सगळ्या नॉर्मल. लहानपणापासून घरात मारहाण, पुढे सासरीही तेच, आता माहेरी भावाकडे. दीड तास एसटीने यायची, साडेपाचची गाडी गाठायची. मला वाटलं, एवढ्या लांबून येते तर वेळ फुकट घालवू नये. दोन भेटींत इतिहास उरकला. तिसऱ्या भेटीत 'एखादी सुरक्षित जागा आठवा' म्हटलं. तिने लगेच सांगितलं, माहेरच्या घराचा माळा. छान, म्हटलं, आणि पुढे गेले. पुस्तकात असतात तशा चोवीसेक फेऱ्या. तिसऱ्या वेळी तिची नजर माझ्या बोटांवरून सुटली आणि भिंतीत जाऊन बसली. हात गार. मग अगदी बारीक, पोरीच्या आवाजात म्हणाली, "माय कुठं गेली?"

तिला परत आणायला चाळीस मिनिटं लागली. मधलं तिला काही आठवत नव्हतं. मी पाणी दिलं, 'बरं वाटतंय ना' विचारलं, ती 'हो' म्हणाली, मी सोडलं. रात्री नऊला भावाचा फोन. ती दिग्रसच्या गाडीत बसायच्या ऐवजी दारव्ह्याच्या गाडीत बसली होती आणि आपण कुठे चाललोय हे तिला सांगता येत नव्हतं. कंडक्टर भला माणूस निघाला.

माळ्याचा उलगडा दोन महिन्यांनी झाला. लहानपणी बाप दारू पिऊन आला की ती माळ्यावर लपायची. म्हणजे मी तिला सुरक्षित जागेत नेलंच नव्हतं. लपायच्या जागेत नेलं होतं. आणि लपायची जागा म्हणजे जिथे भीती सगळ्यात जास्त साठलेली असते ती.

तर प्रश्न असा: अशा माणसांसाठी, म्हणजे आघात एक नाही तर वर्षानुवर्षांचा आहे आणि मनाला 'तुटून जायची' (यालाच डिसोसिएशन म्हणतात) सवय लागलेली आहे, तुम्ही ईएमडीआर कसं बदलता? आणि आपल्याकडच्या परिस्थितीत?

संत्रेवाला

ताई, हे संमोहन तर नाही ना? आमच्याकडे एक जण यायचा, डोळ्यांपुढे घड्याळ फिरवायचा. शेवटी पतसंस्थेचे पैसे घेऊन पळाला. :)

पळसफूल

@संत्रेवाला, घड्याळवाला नाही हो. संमोहनात लक्ष आत खेचतात. इथे उलट, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर असा ठेवायचा असतो. आठवण आत, ही खोली, हा पंखा, मी समोर, हे बाहेर. दोन्ही एकाच वेळी जाणवलं तरच काम होतं. माझी बाई उंबऱ्यावरून आतच पडली. ज्यांना तुटून जायची सवय आहे त्यांचा बाहेरचा पाय मुळातच कच्चा असतो.

कडुनिंब

मी मनोविकारतज्ज्ञ, विदर्भातच. प्रामाणिकपणे लिहिलंत, त्याबद्दल आभार.

पहिली गोष्ट 'फिट'ची. आपल्याकडे 'दातखीळ बसली' म्हणून जे आणतात त्यात खरी मिरगीही असते आणि डिसोसिएटिव्ह, म्हणजे मन तुटण्यातून येणारे, झटकेही असतात, कधी एकाच माणसात दोन्ही. घरच्यांना मोबाइलवर व्हिडिओ काढून आणायला सांगा, न्यूरॉलॉजीचं मत घ्या. तोवर डोळे फिरवण्याची घाई नको. आणि कोणतीही चालू गोळी समुपदेशकाच्या सांगण्यावरून बंद व्हायला नको.

दुसरी, चाळणी. मन किती तुटतं ते मोजणारी डीईएस नावाची २८ प्रश्नांची प्रश्नावली १९८६ पासून आहे. सरासरी ३० च्या वर गेली की थांबून नीट मुलाखत घ्यायची. ती चाळणी आहे, निदान नव्हे. पण शब्दशः वापरू नका. पहिलाच प्रश्न गाडी चालवताना किंवा बसमध्ये, भुयारी रेल्वेत बसल्यावर मधला प्रवास आठवत नाही असं होतं का, असा आहे. आर्णीच्या बाईला भुयारी रेल्वे कुठून माहीत असणार? मी विचारतो, 'निंदण करता करता दोन ओळी कधी झाल्या ते कळलंच नाही, असं होतं का? की दोन तास झाले आणि आपण तिथं कसे आलो तेच कळत नाही?' पहिलं सगळ्यांचं होतं. दुसऱ्यावर मी पेन खाली ठेवतो. पेटीत आपण घेतलेलं आठवत नाही असं लुगडं सापडणं, आरशात दिसलेला चेहरा परका वाटणं, हेही त्यात आहे आणि तेही आपल्या भाषेत विचारता येतं.

तिसरी गोष्ट जुनीच. आधी स्थिरता, मग आठवणींवर काम, मग परत आयुष्यात रुजणं. फ्रान्सच्या पिएर जाने यांनी १८८९ मध्ये मांडलं, अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये नव्याने सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, म्हणजे २०२२ पासून, कॉम्प्लेक्स पीटीएसडी (पीटीएसडी म्हणजे आघातानंतरचा ताणविकार) वेगळं निदान आहे: नेहमीची लक्षणं, शिवाय भावना न आवरणं, स्वतःबद्दल घाण वाटणं आणि माणसांशी नातं न टिकणं.

वऱ्हाडी ठेचा

बाप्पा, लय मोठं मोठं लिवून रायले तुमी. माही बायको आशाताई हाय, तिनं वाचून घेतलं माह्याकडून. ती म्हणते, आमच्या गावात अशा बाईले पयले बुवाकडं नेते, मंग सैलानीच्या दर्ग्यावर, मंग पैसे सरले का डाक्तरकडं. अन् जिच्या अंगात येते तिले तर कोणी बिमार म्हनतच नाही. तिच्या पाया पडते. मंग तुमी तिले बिमार ठरवान का?

कडुनिंब

@वऱ्हाडी ठेचा, वहिनींना माझा नमस्कार सांगा, प्रश्न एकदम बरोबर आहे. नवरात्रात अंगात येतं, आरती संपली की उतरतं, बाई घरी जाऊन भाकरी टाकते, तिला काही त्रास नाही, तर तो आजार नाही. पुस्तकातही तसंच आहे. डीएसएम-५ ने, म्हणजे अमेरिकेतल्या निदानाच्या पुस्तकाने, २०१३ मध्ये 'झपाटलं जाणं' हा अनुभव बहुव्यक्तित्वाच्या निदानात घेतला, पण समाजमान्य धार्मिक रीतीचा भाग असेल तर तो विकार धरू नये असंही त्यात लिहिलं. अंगात कधीही, कुठेही, नको असताना येतं, बाई स्वतःला इजा करते, मधला काळ पुसला जातो, तेव्हा माझं काम सुरू होतं. आणि मारहाण, साखळी, चटके असतील तर आजार राहिला बाजूला, तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

डफडं

माझा मुळातच प्रश्न. डोळे फिरवल्याने काही होतं का? बाकी सगळं तर एक्स्पोजर थेरपीच आहे, म्हणजे भीतीच्या आठवणीला थेट सामोरं जायचा उपचार. जांभळी टोपी घालून औषध द्यायचं आणि गुण टोपीला द्यायचा, त्यातली गत.

हळद्या

@डफडं, वाद जुना आहे आणि पूर्ण मिटलेला नाही. २००१ च्या एका एकत्रित विश्लेषणात डोळ्यांच्या हालचालीने फारसा फरक पडत नाही असं निघालं, २०१३ च्या दुसऱ्यात पडतो असं निघालं. एक स्पष्टीकरण असं की मनाची पाटी लहान असते. तिच्यावर आठवण आणि हालचाल दोन्ही एकदम मावत नाहीत, म्हणून आठवण फिकी पडते.

पण माझा आक्षेप कडुनिंब आणि धागाकर्ती दोघांकडे आहे. 'आधी स्थिरता' हे इतकं पवित्र का मानायचं? २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की कॉम्प्लेक्स पीटीएसडीत लांबलचक तयारी लागतेच याला भक्कम पुरावा नाही, आणि तयारीच्या नावाखाली पेशंटला खऱ्या उपचारापासून लांब ठेवलं जातं. आपल्याकडे बाई चार वेळा येते, मग सोयाबीन काढायला लागते, मग येतच नाही. चारही वेळा तुम्ही श्वास मोजायला लावला तर तिला काय मिळालं?

पळसफूल

@हळद्या, हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण आमच्या सरांशी माझं यावरूनच भांडण झालंय. ज्यांचा आघात गंभीर आहे पण जे तुटून जात नाहीत त्यांच्या बाबतीत मी आता तुमच्या बाजूला झुकते. एका शेतकऱ्याच्या बायकोला फवारणीच्या औषधाचा वास आला की नवरा सापडला तो दिवस समोर उभा राहायचा. तिच्याबरोबर दुसऱ्याच भेटीत काम सुरू केलं आणि ते ठीक झालं. पण जिची मधली दोन तासांची आठवण पुसली जाते, जिच्यात लहान पोर वेगळी आणि राबणारी बाई वेगळी आहे, तिच्या बाबतीत घाईची किंमत मी दारव्ह्याच्या गाडीत पाहिली.

तयारी म्हणजे श्वास मोजणं नव्हे, एवढं मात्र खरं. मी काय काय बदललं ते लिहिते, विस्कळीत होईल.

'सुरक्षित जागा' हे शब्दच काढून टाकले. जागा विचारतच नाही, काम विचारते. कोणतं काम करताना हात आपोआप चालतात आणि डोकं शांत राहतं? कुणी सुपात ज्वारी पाखडणं सांगते, कुणी भाकरी थापणं. एकीने सांगितलं, गाईच्या कपाळावर हात फिरवणं. ते काम मनात आणायचं आणि सावकाश चार-सहा थापट्या, बस. चांगलं वाटलं तर पुन्हा. चांगल्याच गोष्टीवर जास्त वेळ थापट्या दिल्या तर त्यामागून वाईट आठवण सरकत येते, म्हणून लांबवायचं नाही.

शून्य ते दहा हा हिशोब चालत नाही. शाळेतली परीक्षा वाटते, बाया 'तुम्हीच सांगा ना' म्हणतात. म्हाताऱ्यांना आण्यांत विचारते, सोळा आण्यांपैकी किती? आणि तुटलेपणासाठी ईएमडीआरवाले जिम नाइप यांची एक युक्ती आहे, तिला आकडेच लागत नाहीत. हात समोर ताणला तर 'मी पूर्ण इथे आहे', डोक्याच्या मागे नेला तर 'मी इथे नाहीच'. आत्ता कुठे आहेस ते हाताने दाखव. हात कानाच्या मागे गेला की मी काम थांबवते. हा एक बदल केला असता तर ती संध्याकाळ टळली असती.

आठवणीवर काम करायचं तेव्हा नाइप यांचीच दुसरी रीत: आठवणीला दोन ते दहा सेकंद नुसतं शिवायचं आणि लगेच खोलीत परत. मी संत्रं वापरते. तिच्याकडे फेकते, ती झेलते, परत फेकते. चार-पाच झेलांत डोळे ताळ्यावर येतात, मग सोलून वास घ्यायचा. संत्र्यांचा हंगाम संपला तेव्हा लिंबू आणलं तर एक बाई दाराकडे सरकली. करणीचं समजली! आता कापडी चेंडू आहे.

आणखी एक: आठवण मोकळी सोडत नाही. नेहमीच्या पद्धतीत 'जे येईल ते येऊ दे' म्हणतात, एकातून दुसरी आठवण निघते. इथे तसं केलं की विहिरीत बादली सोडल्यासारखं होतं, काय वर येईल नेम नाही. एकच छोटी, अलीकडची गोष्ट धरायची, दर फेरीनंतर तिच्याकडेच परत यायचं. बापाला हात लावायचा नाही. परवा दुकानदार ओरडला आणि हातपाय गळाले, तेवढंच.

रानमेवा

विहिरीचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे शिकवताना 'विहिरीच्या पायऱ्या एकेक उतरा' असा शांत होण्याचा सराव होता. एका शिबिरात केला, तीन बाया रडत उठल्या. त्या गावात विहिरीचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

आठवणी 'पेटीत बंद करून ठेवा' हे पण जपून. एकीच्या नवऱ्याने फवारणीच्या औषधाचा डबा पेटीतच ठेवला होता. आता 'कशात ठेवशील, तूच सांग' एवढंच म्हणते. मेळघाटातल्या एका पोरीने सांगितलं, 'झाडाच्या ढोलीत'. ढोली पुरली.

नाव नको

मी दुसऱ्या बाजूची. तीन वर्षं उपचार घेतेय. हे वाचून रडू आलं, म्हणून लिहिते.

मला ते फुलपाखरू शिकवलं, हात छातीवर आडवे ठेवून आळीपाळीने खांद्यांवर थापटायचं. घरी करता येत नव्हतं, सासूबाई विचारायच्या हे काय. मग पदराखाली करायला लागले, मांडीवर दोन्ही हात, बोटांनी. एसटीत कुणालाही कळत नाही.

दुसरं, माझी दातखीळ बसायची तेव्हा घरचे चप्पल हुंगवायचे, नाहीतर कांदा. चपलेने मी शुद्धीवर यायचे आणि मरून जावंसं वाटायचं. कांद्याने नुसती शुद्धीवर यायचे. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जुन्या बायांना ठाऊक होतं, वास माणसाला परत आणतो. आता माझ्या पिशवीत ओव्याची पुडी असते.

माझ्या आत एक चिडकी आहे. मॅडम तिला हाकलत नाहीत म्हणून मी टिकले.

पळसफूल

@नाव नको, तुमची ओव्याची पुडी मी उचलणार. आणि ती 'चिडकी' आहे ना, तिच्याबद्दल लिहायचंच राहिलं होतं.

मनाचे वेगवेगळे भाग एकत्र बोलावायला १९९१ मध्ये फ्रेझर नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी एक तंत्र मांडलं, सगळे एका टेबलाभोवती बसलेत अशी कल्पना करायची. टेबल आमच्याकडे तहसीलमध्ये असतं. तिथे फक्त दटावणी मिळते. मी ओसरी म्हणते. पण ओसरीवर कोण कुठे बसतं याला अर्थ असतो, हे एका बाईनेच शिकवलं. ती म्हणाली, 'ती बारकी बसणार नाही, दाराच्या मागं उभी राहील, अन् तो रागीट बाजेवर बसेल, त्याच्यासमोर आम्ही कोणी बसत नाही.' आम्ही तीन भेटी फक्त बसायच्या जागेवर घालवल्या. रागीट बाजेवरून उतरला नाही, पण बारकीला उंबऱ्यावर बसू दिलं त्याने. त्याला विचारलं, तू काय राखतोस? उत्तर आलं, 'हिला बोलू देत नाही. बोलली की मार पडतो.' म्हणजे तोही राखणदारच. सगळ्यांची परवानगी असल्याशिवाय आठवणीला हात लावत नाही, नाहीतर रात्री घरी गेल्यावर तो तिला शिक्षा करतो, हाताला चरे पडतात.

संत्रेवाला

ताई, मस्करी केली त्याबद्दल सॉरी. माझ्या चुलत बहिणीची आठवण झाली. एक विचारू? ती अजून त्याच घरात राहते, मारणाऱ्या माणसाबरोबर. तिला हे करता येईल?

रानमेवा

@संत्रेवाला, घर अजून पेटलेलं असेल तर चटक्याच्या जुन्या डागांवर मलम लावत बसत नाहीत. आधी तिची सुटका किंवा निदान तिचा बचाव. १८१ ही महिला हेल्पलाइन, जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर, आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. तिच्या फोनवर नाही, ती माहेरी आली की बोला. मनाच्या मदतीसाठी टेलिमानस १४४१६ आहे, मराठीत बोलतात. त्या घरात तिचं सावध राहणंच तिला वाचवतंय, ते आपण काढून घ्यायचं नाही.

हळद्या

फोनवर, व्हिडिओवर करता का कुणी? नागपूर दीडशे किलोमीटर, यवतमाळला ईएमडीआरवाले किती असणार.

पळसफूल

तयारी आणि चौकशी फोनवर करते. आठवणींवर काम, तुटून जाणाऱ्यांबरोबर, करत नाही. रेंज गेली आणि ती आतच राहिली तर मी काय करणार? शिवाय दाराआड कोण ऐकतंय ते मला दिसत नाही.

@हळद्या, तुमच्या सोयाबीनच्या मुद्द्यावर मी एक केलंय. भेटी पिकाच्या हिशोबाने ठरवते. कापूस वेचणी, सोयाबीन काढणी असताना नवीन काही उघडायचं नाही, फक्त पाय घट्ट ठेवायचे. उन्हाळ्यात हाताला काम कमी असतं, तेव्हा थोडं पुढे सरकायचं. आणि प्रत्येक भेटीतला शेवटचा अर्धा तास परतीचा. त्याला हात लावायचा नाही, काम कितीही रंगात आलेलं असो.

वऱ्हाडी ठेचा

बायको इचारते, त्या दारव्ह्याच्या गाडीवाल्या बाईचं पुढं काय झालं?

पळसफूल

वहिनींना सांगा, ती परत आली. दीड महिन्याने. भाऊ सोडायला आला होता, माझ्याकडे बघतही नव्हता. मी माफी मागितली, त्याची आणि तिची. ती म्हणाली, 'तुम्ही घाई केली, पण तुम्ही भ्याल्या नाही.' मी भ्याले होते, पण तेव्हा बोलले नाही.

चौदा महिने झाले. 'फिट' महिन्याला तीन-चार वेळा यायची, आता दोन महिन्यांत एखादी. दुकानदाराच्या ओरडण्यावर काम झालं, सोळा आण्यांवरून दोन आण्यांवर आलंय. भेट संपली की आम्ही दोघी स्टँडवर जातो. मी फलाटाच्या या टोकाला थांबते. ती गाडीजवळ जाते, पाटी मोठ्याने वाचते, तारीख सांगते, आपलं नाव सांगते, मग चढते. पहिल्यांदा लोक बघायचे. आता कंडक्टरच पाटीवर हात ठेवून विचारतो, 'वाच बाई, कुठली गाडी?'

सोमवारी ती येणार आहे. माळ्याचं अजून आम्ही नाव काढलेलं नाही.